सरळ पाठीची खुर्ची

हातुपुती, ४ मे

मिन्चे,

तुझे पापा जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ते होड्या बांधायच्या छपरात रंधा मारत होते. मी मासे धुरावत होते. रंध्याचा आवाज थांबला तेव्हा वाटलं, विडी ओढायला बसले असतील. बऱ्याच वेळाने हाक मारायला गेले, तर भुशात आडवे. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली. चर्चच्या वृंदातल्या ओम तातेच्या ट्रकमधून शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ. अर्धांगाचा झटका.

आता घरी आहेत. पाय थोडा हलतो, उजवा हात अजून झोपलेला आहे. बोलणं जड झालंय, जिभेखाली सुपारी धरल्यासारखं, पण मला कळतं. मला त्यांचं न बोललेलंही इतकी वर्षं कळत आलंय, त्यात काय. रडकुंडीला आणलंय ते घशाने. पाणी गिळायला गेले की ठसका लागतो, डोळे पांढरे होतात. त्यांचं पाणी पोटाची वाट सोडून छातीच्या वाटेला लागतं. म्हणून नाकातून नळी घातली आहे आणि त्या नळीतून मी दूध आणि पातळ पेज सोडते. समुद्रातून पकडून आणलेला मासा विस्तवावरून सरळ तोंडात टाकणारा माणूस तो. आता मी नळीत पेज ओतते आणि तो छताकडे बघत राहतो.

फोन का केला नाही, असं विचारशील. तुमच्या मोत्यांच्या शेतावर फोन लागत नाही, हे रूबेनच्या चुलत भावाने सांगितलं. आणि लागला असता तरी आपल्या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत. पलंगावरून सगळं ऐकू येतं. तुझं नाव या घरात मोठ्याने घ्यायचं नाही, हा नियम कोणी बदललेला नाही. रूबेन वाइलेसी गावचा, म्हणजे दोन गावांच्या शपथेने आपला भाऊ, भावाशी कोणी लग्न करतं का, हे मी चार वर्षं चर्चच्या पायरीवर, बाजारात, विहिरीवर ऐकलंय. पुन्हा ऐकायची हौस नाही. म्हणून कागद. तुमच्या आरू बेटांकडे जाणाऱ्या जहाजावरचा स्वयंपाकी हे पत्र नेईल. त्याला मी धुरातला मासा दिलाय, म्हणजे तो विसरणार नाही.

उत्तर लिहीच असं नाही. कळवायचं होतं, कळवलं.

तुझी खुर्ची स्वयंपाकघरात आहे. तू गेल्यावर तुझ्या पापांनीच टेबलापासून उचलून तिथे नेऊन ठेवली. फेकली नाही, जाळली नाही. मी तिच्यावर माशांची टोपली ठेवते.

– आई


हातुपुती, २५ मे

मिन्चे,

मध्ये थोडा ताप येऊन गेला, त्यामुळे पत्र लांबलं. ताप त्यांना आला होता, मला नाही. उतरला. ते असो.

शहरातल्या रुग्णालयातून एक मुलगी यायला लागली आहे. नूर नाव. मकासारची. डोक्याला रुमाल, पायात मोटरसायकलवाल्यांचे बूट, आणि तोंड अखंड चालू. तिचं कामच मुळी लोकांना बोलायला आणि गिळायला शिकवायचं. मी तिला म्हटलं, "बाई, गिळायला शिकवायचं म्हणजे काय? तान्ह्या बाळालाही येतं." ती म्हणाली, "ताईबाई, तान्ह्या बाळाला येतं म्हणूनच आपण कधी लक्ष दिलं नाही. आता तुमच्या नवऱ्याला विचार करून गिळायला लागणार." तुझे पापा विचार करून काही करतात, हे ऐकून मला हसू आलं.

पहिल्या दिवशी आली आणि आधी त्यांची वेताची आरामखुर्ची बघितली. तीच, जिच्यात ते अर्धे झोपून रेडिओ ऐकायचे. "यात बसून एक थेंबसुद्धा द्यायचा नाही," म्हणाली. "मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी पडते. सरळ पाठीची खुर्ची लागेल. हात टेकायला हवेत, नाहीतर उजवीकडे कलतील. पाय जमिनीला लागले पाहिजेत." मी म्हटलं, आमच्याकडे टेबलाला बाकं आहेत, बाकांना पाठ नाही. ती घरभर फिरली. स्वयंपाकघरात गेली. टोपली खाली ठेवली आणि तुझी खुर्ची उचलून घेऊन आली.

तिला काय माहीत. तू लहानपणी बाकावरून सारखी मागे पडायचीस म्हणून त्यांनी ती केली होती, हात लावून, आणि मोठेपणीही पुरावी म्हणून चांगली ऐसपैस. नूरने ती त्यांच्यासमोर ठेवली. तुझ्या पापांनी खुर्चीकडे बघितलं. मग डाव्या हाताने खुर्चीचा हात चाचपला, जोड हलतोय का ते बघावं तसा. मग मी आणि नूरने उचलून बसवलं तेव्हा बसले. माशाचा वास येत होता. मी नंतर घासून काढली.

आता आमच्या घरात खाण्याचे नियम आहेत, ते ऐक. खायच्या आधी दात आणि जीभ ब्रशने स्वच्छ करायची, कारण तोंडातली घाण छातीत उतरली तर निमोनिया. पाणी पातळ द्यायचंच नाही. नूरने सागोच्या खोडाचं थोडं पीठ गरम पाण्यात शिजवायला लावलं, पण आपल्या रोजच्या पापेदाच्या लगद्यासारखं चिकट नाही, चमच्यावरून मधासारखं ओघळेल इतकंच. चमच्याच्या टोकावर घ्यायचं. हनुवटी छातीकडे. गिळायचं, आणि तोंड रिकामं असलं तरी पुन्हा एकदा गिळायचं. मग "आ" म्हणायचं. "आ" गुळगुळीत निघाला, घशात पाणी असल्यासारखा, तर थांबायचं. कोरडा निघाला तर पुढचा चमचा. सध्या नूर आली की तीच देते, चार-पाच चमचे. बाकी पोट नळीनेच भरतं. चमचा लहान आणि उथळ हवा म्हणते. आपले चमचे म्हणजे डाव. बाजारातही तसा मिळाला नाही.

आणि गाणं. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत "ई" म्हणत चढत जायचं, शक्य तितकं वर, आणि तिथे धरून ठेवायचं. त्याने घशाचा कंठमणी वर उचलला जातो म्हणे. तुझ्या पापांनी आयुष्यभर चर्चच्या वृंदात सगळ्यांत खालचा आवाज लावला. बायकांच्या ओळीची टिंगल केली. आता बायकांच्या पट्टीत "ई" करायचं म्हटल्यावर कपाळाला आठ्या. नूरने त्यांना आपल्यासारखं ओम, काका, करून टाकलंय. म्हणाली, "ओम, लाज वाटते का? वाटू दे. लाज गिळायची असते, सराव होईल." पहिल्यांदा हसले. तोंड वाकडंच हसलं, पण हसले.

तू हे वाचते आहेस की नाही, मला माहीत नाही.

– आई


हातुपुती, १८ जून

मिन्चे,

मागच्या पत्रात मी तापाबद्दल सरळ लिहिलं नाही. आता लिहिते.

तो थोडा ताप नव्हता. नूरच्या पहिल्या फेरीनंतर, तुला पत्र लिहायच्या आधी, ओम ताते आणि वृंदातले दोघे भेटायला आले. मी बाजारात मासे विकायला गेले होते. त्यांनी पातेलं भरून पापेदा आणलं होतं, सोबत हळदीचा माशाचा रस्सा. ताते म्हणाला असेल, पापेदा कोणी चावतं का, ते आपलं आपण घसरून जातं, आजारी माणसाला याच्यापेक्षा चांगलं काय. आपल्याकडे कोणीही हेच म्हटलं असतं. मीसुद्धा कदाचित म्हटलं असतं. दात नसलेली म्हातारी माणसं पापेदावरच तर जगतात. त्यांनी वेताच्या खुर्चीत त्यांना टेकवलं, ताटलीतून गोळा गुंडाळून ओठांशी धरला, आणि तुझ्या पापांनी नेहमीसारखा सुर्रकन ओढला. आपण सगळे ओढतो तसा, मान मागे टाकून.

मध्येच तुटला नाही तो. तुला माहीत आहे पापेदा कसं, एकदा निघालं की दोरीसारखं अख्खं जातं. अर्धं पोटाकडे, अर्धं छातीकडे. तातेने पाठीत धपाटे घालून काढलं म्हणून श्वास राहिला. ताते दारात बसून पोरासारखा रडत होता, मी आले तेव्हा. रात्रीच ताप चढला, छातीत निमोनिया. पुन्हा रुग्णालय, पुन्हा ऑक्सिजन. तेव्हा त्यातून वाचले. म्हणून तुला लिहिलं, उतरला. खोटं नव्हतं.

पण आताचं वेगळं आहे. निमोनियातून उठल्यापासून तीनेक आठवडे चांगलं चाललं होतं. चमचे वाढत होते. आणि गेल्या आठवड्यात एक दिवस त्यांनी तोंड उघडायचं बंद केलं. नूर आली, चमचा धरला, ओठ मिटलेले. "ओम, आ." नाही. गाणं म्हणा. नाही. मी म्हटलं, "मेकी, पोरगी पावसातून आली आहे, निदान तिचा मान राख." भिंतीकडे तोंड.

काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. गावात बोलतात. आधीपासूनच बोलत होते, मी तुला लिहिलं नाही, कारण तू तिकडे समुद्रावर बसून तेवढंच घोकत बसली असतीस. बोलतात ते असं, की हातुपुती आणि वाइलेसीच्या जुन्या लोकांनी बोटं कापून रक्त टाकलेली ताडी एका करवंटीतून प्यायली, आणि त्या घोटावर दोन गावांची शपथ उभी आहे. ती शपथ मेकीच्या पोरीने मोडली. म्हणून मेकीचा गळाच बंद झाला. हात गेला असता, डोळा गेला असता, तर योगायोग म्हणाले असते. पण गळा. हे कोणीतरी त्यांना ऐकू जाईल असं अंगणात बोललं.

मी विचारलं, "तू यावर विश्वास ठेवतोस?" ते म्हणाले, "माझ्या जागी दुसरा असता तर मीही हेच म्हटलं असतं."

नूर म्हणते, नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. सराव पुन्हा सुरू झाला नाही, तर पोटाला भोक पाडून तिथे नळी बसवायची. तुझे पापा त्यालाही नाही म्हणतात. नाकातलीही नको, पोटातलीही नको, चमचाही नको. मग काय हवं, विचारलं तर डोळे मिटतात. मला समजतं त्यांना काय हवंय ते. मी ते होऊ देणार नाही, पण तोंड त्यांचं आहे, मी ते पकडीने उघडू शकत नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. तू आलीस आणि त्यांनी तुझ्याकडेही पाठ केली, तर मी दोघांना कशी सांभाळू? आता पूर्वेचा वारा सुटलाय, बोटीही वेळेवर नाहीत. पण तुला हे माहीत असायला हवं. आणि हेही माहीत असू दे की मी शपथेवर चिडले आहे, तातेवर चिडले आहे, त्या अंगणातल्या जिभेवर चिडले आहे, आणि तू दोन पत्रांना एक ओळही लिहिली नाहीस म्हणून तुझ्यावरही.

– आई


हातुपुती, ११ जुलै

मिन्चे,

तर तू सासूला पत्र लिहितेस. आईला नाही. बरं. हे मी लक्षात ठेवीन आणि योग्य वेळी काढीन.

परवा सकाळी अंगणात कोयत्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर एक धिप्पाड बाई आपल्या केळीचा घड उतरवत होती. तोच घड, जो मी बाजारासाठी डोळ्यांत तेल घालून जपला होता. मी ओरडले, "कोण गं ती?"

मागे न बघता म्हणाली, "वाइलेसीची. भावाच्या झाडाला हात लावायला परवानगी लागते का आता?"

खरंच लागत नाही. शपथेच्या गावचा माणूस आपल्या झाडाचं काहीही नेऊ शकतो, आणि आपण वर पिशवी द्यायची. मी पिशवी आणायला आत गेले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रूबेनची आई. सार्चे. चार वर्षांत दोन्ही घरांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं, लाजेने. मी तिला लग्नाआधीच्या एका मेजवानीत पाहिलेलं. तेव्हा एवढी जाड नव्हती.

घड खांद्यावर टाकूनच ती आत आली. घड टेबलावर ठेवला. तुझे पापा पलंगावर होते, नाकात नळी. तिने एक बाक ओढला आणि त्यांच्यासमोर बसली.

"मेकी, ऐकलं, आपली शपथ तुझ्या घशात अडकली."

हे कोणी त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं.

"पोरांनी मोडली," ते म्हणाले. जड जिभेने, पण स्पष्ट.

"मोडली. तुझ्या पोरीने मोडली आणि माझ्या पोराने मोडली. मग माझा गळा कसा उघडा? कालच मी अख्खा बांगडा काट्यांसकट खाल्ला. की पूर्वज फक्त तुझ्यावरच रागावलेत? एवढा मोठा कोण लागून गेलास तू?"

मला स्वयंपाकघरात जाऊन हसायचं होतं, पण जागचं हलवेना.

"त्या जुन्या लोकांनी ताडी प्यायली ना? दोघांनी? ती दोघांच्या गळ्याखाली उतरली म्हणून आपण बहीणभाऊ झालो. थुंकली असती तर नसतो झालो. तू कुठली शपथ धरून बसलास, तोंड मिटून?"

त्यांनी डावा हात नाकातल्या नळीवर नेला.

"आता मी मागते," सार्चे म्हणाली. आवाज एकदम खाली आला तिचा. "वाइलेसीची बहीण हातुपुतीच्या भावाकडे मागते. एक चमचा खा. नाही म्हणायचं तर म्हण. मग शपथ तू मोडलीस, पोरांनी नाही."

तुला माहीत आहे, शपथेच्या गावाचं मागणं नाकारता येत नाही. तुझ्या पापांनी माझ्याकडे बघितलं, सोडव मला अशा नजरेने. मी छताकडे बघितलं.

ती बया तशीच चमचा भरायला निघाली. मी म्हटलं, थांब, या घरात नियम आहेत. आधी ब्रश. मग आम्ही दोघींनी उचलून त्यांना तुझ्या खुर्चीत बसवलं. मी सागोचं पाणी शिजवलं, मधाइतकं. तेवढ्यात तिने पदराच्या गाठीतून काढावं तसं ब्लाउजमधून काहीतरी कापडात गुंडाळलेलं काढलं. चमचा. शिंपल्याचा, आतून चमकणारा, बोटाएवढा, उथळ. "रूबेनने घासून केलाय," ती मला म्हणाली. "तुझ्या लेकीने माप लिहून दिलं. तू पत्रात लिहिलं होतंस म्हणे, लहान आणि उथळ."

म्हणजे तू वाचत होतीस.

त्यांनी चमचा डाव्या हातात घेतला. उलटा केला, कड अंगठ्याने चाचपली, उजेडाला धरला. सुतार मेला तरी कड बघणारच. "घासकाम बरं आहे," म्हणाले. मग माझ्याकडे दिला.

मी भरला. सार्चे म्हणाली, मागणं माझं आहे, मी देणार. दिला. हनुवटी खाली. मी बघत होते त्यांच्या कंठाकडे. किती वेळ काही हललंच नाही. मग एकदा वर आला आणि खाली गेला. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा वर आला. म्हटलं, "आ." पहिला "आ" ओला निघाला. मी सार्चेचा हात धरला. ते खाकरले, आणखी एकदा गिळलं. मग "आ". कोरडा.

"बघ," सार्चे म्हणाली, "आता दुसरा मागते."

मी धुराच्या खोपटात मासे बघायला गेले. धुराने डोळे चुरचुरतात, तुला माहीतच आहे.

ती अजून इथेच आहे. जाण्याचं नाव घेत नाही. शपथेच्या बहिणीला जा कसं म्हणणार? नूरला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "माझ्याकडे आणखी आठ पेशंट आहेत. या बाईंना मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ का?"

– आई


हातुपुती, ३० ऑगस्ट

मिन्चे,

तुझं पत्र मिळालं. दीड पान. आईला दीड आणि सासूला किती, ते मी विचारणार नाही.

नळी निघाली. नूरने शहरात नेऊन आधी तपासणी करवली, पडद्यावर गिळताना घसा दिसतो म्हणे, आत काय कुठे जातं ते. तिथल्या डॉक्टरांनी मान हलवली, आणि तिने ती नळी ओढून काढली. तुझ्या पापांनी नाक चोळत पहिलं काय म्हटलं असेल? "तातेला सांगू नका, नाहीतर पापेदा घेऊन येईल."

पापेदा अजून बंद आहे. नूर म्हणते, चिकट वस्तू सगळ्यांत शेवटी, आणि कदाचित कधीच नाही. ऐकून त्यांचा चेहरा पडला, पण मी बघितलंय, ते पुढच्या मळ्यातल्या सागोच्या झाडाकडे बघत अजून हिशेब करत असतात. बाकी खातात. शिजवून काटे काढून वाटलेला मासा रश्शात. कुस्करलेलं केळं, पहिलं सार्चेने उतरवलेल्या त्याच घडातलं होतं. भोपळा. पाणी अजून घट्टच लागतं, त्याला शिव्या देतात. दोन-तीन आठवड्यांत जीभ चांगली शिव्या देण्याएवढी सैल झाली आहे. ठसका लागतो अधूनमधून. घाबरते मी, पण आता मला ठसका आणि ठसका यातला फरक कळतो.

रविवारी चर्चला नेलं, त्या खुर्चीसकट, तातेच्या ट्रकमधून. वृंदाच्या खालच्या ओळीत बसले. आवाज निघाला तो खालचाही नव्हता आणि वरचाही, मधेच कुठेतरी. बायकांनी मागे वळून बघितलं. ताते गाणं सोडून डोळे पुसत राहिला, त्यामुळे ती ओळ त्या दिवशी अगदीच गेली.

आता तू विचारलेलं. वाइलेसीच्या जुन्या माणसांशी सार्चे बोलली, इथल्या जुन्या माणसांशी मी. एका म्हाताऱ्याने मला दारातूनच परत पाठवलं, तेही लिहिते, म्हणजे सगळं गोडच आहे असं तुला वाटायला नको. पण बाकीचे म्हणतात, मोडलेलं लपवून ठेवण्यापेक्षा दोन्ही गावांसमोर उभं राहून माफी मागावी, पांढरं कापड द्यावं, आणि मग काय ते मोठ्यांनी बसून ठरवावं. माफ करतीलच असं कोणी म्हटलेलं नाही. उभं राहावं लागेल, आणि बोलणी खावी लागतील. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. सार्चे रूबेनच्या शेजारी उभी राहणार आहे, आणि ती शेजारी उभी असली की बोलायला माणसं दोनदा विचार करतील.

पण तुला खरं विचारायचं होतं ते हे नाही. तू ते शेवटच्या ओळीत, अगदी कोपऱ्यात लिहिलंस. पापा काय म्हणतात.

मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. मोठ्याने, तुझ्या नावासकट. काल जेवताना. सार्चेही टेबलावर होती. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "लिही तिला. खुर्ची मिळणार नाही. ती मी वापरतो."

सार्चेने माझ्याकडे बघितलं. मला इतका राग आला की हातातली पळी मी आपटायचीच बाकी ठेवली. म्हटलं, "मग ती बसेल कशावर? तुझ्या डोक्यावर?"

त्यांनी चमचा तोंडात घातला होता. घास तोंडात असताना बोलायचं नाही, हा नूरचा नियम आहे, आणि ते तो पाळतात, बाकी काही पाळो न पाळो. हनुवटी खाली केली. गिळलं. तोंड रिकामं झालं तरी पुन्हा एकदा गिळलं. मग "आ" केलं. कोरडा होता. मी आणि सार्चे दोघी जागच्या जागी बसून होतो.

"तातेला फळ्या आणायला सांगितल्यात," ते म्हणाले. "तो कापेल, मी डाव्या हाताने रंधा मारीन. दोन करायच्या आहेत." मग पुढचा चमचा भरता भरता थांबले. "आणि तिला विचार, जावईही बाकावरून मागे पडतो का. तसं असेल तर त्याच्याही खुर्चीला हात लावतो."

तेव्हा रूबेनला विचार आणि लवकर कळव. फळ्या कापायच्या थांबल्या आहेत.

– आई